तात्या, वजनमापे (निवृत्त)

तात्या दुकानात शिरले की आधी काट्याकडे बघतात. भाजी, फळं, ओळखीची माणसं, सगळं मागून. टोमॅटोच्या राशीवर छतापासून टांगलेला स्प्रिंगचा काटा असतो, त्याला खाली पसरट परात. तात्या परातीला टिचकी मारतात, थरथरणारा काटा शून्यावर येऊन थांबतो का ते बघतात आणि मग चष्मा कपाळावर सरकवून बाजूचा स्टिकर वाचतात. इलिनॉय राज्यात दुकानातले काटे तपासायचं काम शेतकी खात्याकडे आहे. तात्यांना ही एकच गोष्ट खटकते. "शेतकी खात्यानं बियाणं बघावं. मापातलं त्यांना काय कळतंय?"

तात्या आमच्या गल्लीतल्या एका संगणकवाल्याचे वडील. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात कराड, पाटण, वाईच्या आठवडी बाजारांत गेली. हातात प्रमाणित वजनांची पेटी, मागं शिपाई. तात्या येताना दिसले की बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पारड्यांच्या बुडाला चिकटवलेली चिंच खरवडली जायची, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर काकू गेल्या आणि मुलानं त्यांना इकडं आणलं; शिकागोच्या पश्चिमेला, फॉक्स नदीकाठच्या ऑरोरा गावात. मराठी माणसाला ऑरोरा माहीत असतं ते तिथल्या बालाजीच्या देवळामुळे. या गावातली दहातली चार माणसं स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातली, त्यातलीही बहुतेक मूळची मेक्सिकोची, हे दर्शनाला येणाऱ्याच्या गावीही नसतं. प्रसादाचा दहीभात खाऊन त्याची मोटार थेट हमरस्त्याला लागलेली असते.

मुलाकडे राहायला आलेल्या बापाचं इथलं दुखणं ठरलेलं आहे. पाय धडधाकट, पण मोटार चालवता येत नाही, म्हणून माणूस घरातल्या घरात पांगळा. शिकागोतल्या डेव्हन अव्हेन्यूवर सगळा भारत मिळतो, पण तिथं जायला शनिवार उजाडावा लागतो आणि मुलाची मर्जीही सापडावी लागते. तात्यांनी दोन-चार आठवडे खिडकीतून बर्फ बघितलं. मग एक दिवस माकडटोपी चढवली, लग्नाच्या बस्त्याची जाहिरात छापलेली कापडी पिशवी काखेत मारली आणि ज्या रस्त्याच्या कडेनं कुणी चालत नाही त्या रस्त्यानं निघाले. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तर ओट्यावर घोळाच्या भाजीची ताजी जुडी.

"तात्या, ही कुठून आणली?"

"बाजारातनं."

"कुठल्या बाजारातनं?"

"गावाला एक बाजार असतोच," तात्या म्हणाले. "तुम्ही बघितला नसंल."

तो बाजार म्हणजे कोपऱ्यावरचं मेक्सिकन वाणसामानाचं दुकान. दारातच कागदी झिरमिळ्यांची गाढवं टांगलेली, आत कर्ण्यासारखा गळा काढणारं गाणं, एका बाजूला ग्वादालुपेच्या माउलीचं चित्र असलेल्या मेणबत्त्या, मागच्या भिंतीला मटणाचा काउंटर आणि उजव्या कोपऱ्यात तवा, पाच-सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या. तात्या आत आले, त्यांनी काटा तपासला आणि घर सापडल्यासारखे हसले. तेव्हापासून त्या दुकानात त्यांचं एकच सूत्र चालतं: हे सगळं आपलंच आहे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पॅरिसचा मनोरा बघून त्यांना गावाकडच्या पाण्याच्या टाकीची आठवण होते, जपानी नूडल्स पुढे आल्या की शेवया आठवतात. साध्या अभिमानापोटी हे होत असेल तर चिडता तरी येतं. तात्यांचं तसं नाही. त्यांच्या हातात आयुष्यभर प्रमाणित वजनं होती. समोर येईल ती वस्तू घरच्या वजनावर तोलायची एवढंच त्यांना येतं. वस्तू तोलात बसली तर आपली, नाही बसली तर बिघडलेली आपली.

गुळाचंच घ्या. तिथं पिलोन्सियो नावाचा गूळ मिळतो, तपकिरी, टणक, टोपीसारखा निमुळता. तात्यांनी तो हातावर तोलला. "एवढासा रवा? आमच्या कराडच्या अडत्याला दाखवला तर म्हणंल, ढेपेतला खडा उडालाय." नख लावलं, जिभेला लावलं. "रस चांगला हाय. घाईत उतरवलाय." वाळक्या मिरच्यांच्या खोक्यांपुढं ते असेच तब्येतीत उभे राहतात. ग्वाहियो मिरची रंगाला ब्याडगीसारखी आणि तिखटाला बेताची, आर्बोल बारीक आणि लवंगीच्या स्वभावाची. या दोघींच्या जोडीवर त्यांनी कांदा-लसूण मसाला जमवला. कास्काबेल नावाची एक वाटोळी मिरची आहे, ती हलवली की आतलं बी खुळखुळतं. तात्या ती कानाशी धरतात. शेजारी उभी असलेली बाई आधी बाजूला सरकते आणि मग, कुणी बघत नाहीसं पाहून, स्वतःही एक मिरची कानाशी नेते.

पाउंडाशी मात्र त्यांचं वैर आहे. "पाउंड म्हंजे ४५४ ग्रॅम. अर्ध्या किलोला ४६ ग्रॅम कमी. एवढी काटमारी कायद्यानं मान्य केलेला हा देश!" अमेरिकेनं १९७५ साली मेट्रिक मापांचा कायदा केला आणि तो ऐच्छिक ठेवला, हे मी त्यांना सांगितलं ती माझी चूक नव्हती, पण त्यानंतर तासभर मला घरी जाता आलं नाही. ऐच्छिक कायदा! माणसानं कायदा म्हणून काही करावं आणि खाली लिहावं की वाटलं तर पाळा! निवृत्त निरीक्षकाला यापेक्षा अश्लील काही ऐकवता येत नाही.

तव्यामागच्या मावशींशी तात्यांची गट्टी जमली ती याच वैरातून. मावशी मिचोआकान प्रांतातल्या, वयानं साठीच्या आसपास, बांध्यानं भक्कम, बोलायला फटकळ. मेक्सिकोत एकोणिसाव्या शतकातच किलो-मीटर आले, त्यामुळं इतकी वर्षं इथं काढूनही मावशींच्या डोक्यात किलोच. तात्यांनी एकदा चीज मागताना बोटानं हवेत रेघ मारून "अर्धा, किलो, अर्धा" असं तीनदा म्हटलं. मावशी म्हणाल्या, "मेदिओ किलो?" आणि काट्यावर बरोबर एक पूर्णांक दहा शतांश पाउंड तोलून दिलं. तात्यांनी आकडा मनात उलटा करून पाहिला आणि खात्यातल्या कुणाला केला नसेल असा नमस्कार केला. तेव्हापासून मावशी त्यांना "ताता" म्हणतात. मिचोआकानच्या पुरेपेचा लोकांत वडीलधाऱ्या पुरुषाला ताता म्हणायची रीत आहे. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास त्याच प्रांतातले, त्यांनाही लोक ताता म्हणायचे. तात्यांना यातलं काही सांगायची सोय नाही. त्यांच्या लेखी मावशींना 'तात्या' नीट म्हणता येत नाही, एवढंच.

मटणाचा काउंटर हा या कथेतला अवघड घाट. तात्या खातात, पण वार पाळून. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय एकादशी, चतुर्थी, अख्खा श्रावण. उरलेल्या दिवशी फक्त बोकडाचं. बैलाचं नाही, डुकराचं नाही. आता हे स्पॅनिशमध्ये कसं विचारायचं? पहिल्या रविवारी तात्या काउंटरपुढं ताठ उभे राहिले, काचेतल्या एका तुकड्याकडे बोट दाखवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "बॅऽऽ?"

खाटीक गंभीर चेहऱ्याचा तरुण होता. त्यानं मान हलवली आणि तितक्याच गंभीरपणे हंबरला. तात्यांनी हात जोडून दोन पावलं मागं घेतली. पुढच्या तुकड्याकडे बोट गेलं, तेव्हा खाटकानं नाक आक्रसून डुरकावून दाखवलं. मागं रांग लागलेली. रांगेतल्या एका लहान मुलीला हा खेळ वाटला आणि तिनं कोंबडा आरवून दाखवला. शेवटी खाटकाचा चेहरा उजळला, तो तात्यांना हाताला धरून तव्याकडे घेऊन गेला, एका पातेल्यावरचं झाकण उचललं आणि म्हणाला, "बॅऽऽ!"

पातेल्यात बिर्रिया होती. बोकडाचं मटण, वाळक्या मिरच्या, जिरं, लवंग, मिरी; मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं, वर लाल तवंग, आणि रस्सा वेगळ्या पेल्यात. हा मूळचा हालिस्को प्रांतातला प्रकार, शनिवार-रविवारी मिळणारा. तात्यांनी पेला तोंडाला लावला, डोळे मिटले, घाम पुसला. "भाकरी द्या," ते मराठीतच म्हणाले, आणि मावशींनी बरोबर मक्याच्या तोर्तिया पुढं सरकवल्या.

तोर्तियाला तात्या बरेच दिवस कमी लेखत होते. हातावर थापलेली नाही, यंत्रात दाबलेली. ती कसली भाकरी? मग एकदा त्यांनी मावशींना घरच्यासाठी पीठ मळताना पाहिलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, धुतात आणि मग ओला दळतात. चुना हा शब्द मी उच्चारला मात्र, तात्यांनी खिशातली तंबाखूची डबी काढून चुन्याचं झाकण उघडून मावशींपुढं धरलं. मावशींनी वास घेतला आणि मान डोलावली: हाच. चुन्याशिवाय मक्यातलं एक जीवनसत्त्व माणसाच्या अंगी लागत नाही. युरोपनं मका नेला, चुन्याची रीत मागंच ठेवली, आणि जिथं गरिबाच्या ताटात मक्याखेरीज काही नव्हतं तिथं पेलाग्रा नावाचा रोग पिढ्यान्‌पिढ्या माणसं खात राहिला. हे ऐकून तात्या म्हणाले, "बी नेलं आणि बाईला विचारलं नाही. दुसरं काय?" तेवढ्यात तव्यावरची तोर्तिया टम्म फुगली. फुगलेल्या भाकरीपुढं तात्यांचं काही चालत नाही. त्या दिवसापासून तोर्तिया आपली झाली.

मावशींना तात्यांचे वार पाठ व्हायला फार दिवस लागले नाहीत. ते दारातून दिसले की त्या तव्यामागून ओरडतात, "ओय सी, ओ ओय नो?" आज हो की आज नाही? तात्या हाताच्या खुणेनं सांगतात. पहिला खटका उडाला तो फेब्रुवारीत, एका शुक्रवारी. तात्यांचा शुक्रवार मोकळा असतो. मावशींचा नव्हता, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत कॅथलिक माणूस शुक्रवारी मांस खात नाही. त्या शुक्रवारांना तव्यावर बटाट्याची थापटी, चीज भरलेल्या मिरच्या, मासे, आणि गोड म्हणून कापिरोतादा असते: शिळा पाव, गुळाचा पाक, दाणे, मनुका, चीज, सगळं एकत्र भाजलेलं. तात्यांनी "बॅऽऽ" केलं. मावशींनी उलथनं उगारून त्यांना जे काय सुनावलं त्यातलं एक अक्षर तात्यांना कळलं नाही, पण श्रावणात अंडं आणलेल्या नवऱ्याला घराघरातून हेच ऐकवलं जातं. ते मुकाट्यानं बटाट्याची थापटी घेऊन बसले. "दुसऱ्याच्या गावात राहायचं तर तिथला वार पाळायला पाहिजे," असं मला म्हणाले. तेव्हापासून तात्या त्या चाळीस दिवसांतले शुक्रवारही पाळतात. आपले तीन, मावशींचा एक, वर एकादशी-चतुर्थी. मुलानं हिशेब करून सांगितलं की मार्चमध्ये त्यांना मटण खायला जवळजवळ मुहूर्त काढावा लागतो.

वाराच्या दिवशी या दुकानात शाकाहारी माणसानं सांभाळायच्या गोष्टी तात्यांनी मला पढवल्या आहेत. भरडलेल्या राजम्यात बहुधा डुकराची चरबी असते, तिचं नाव मान्तेका. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. गोड पावातही चरबी घालायची जुनी पद्धत आहे. मांस नको म्हटलं तर कोंबडी देतात, कारण त्यांच्या हिशेबी कोंबडी म्हणजे भाजीच्या वरची पायरी. निर्धोक काय, तर निवडुंगाची भाजी, भोपळ्याच्या फुलांची क्वेसाडिया, भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या सायीत घोळवलेल्या, आणि पातेल्यातले अख्खे उकडलेले दाणे. हे दाणे, फ्रिहोलेस दे ओया, कांदा-मीठ-एपासोतेचा पाला एवढ्यावर शिजतात, पण मान्तेका नाही ना हे तात्या दर खेपेला विचारतातच. निवृत्त झालेला निरीक्षकही मागचा दाखला ग्राह्य धरत नाही.

त्या दाण्यांवरूनच मिसळीचा प्रसंग घडला.

शनिवारची सकाळ. तव्याभोवती गवंडी, रंगारी, माळीकाम करणारे, सुट्टीच्या दिवशी पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं. तात्यांनी दाण्यांचा वाडगा घेतला, पाणी जास्तीचं मागून. टेबलावर येऊन त्यात तांबड्या मिरचीची साल्सा ओतली. ती एवढी की शेजारच्या गवंड्यानं हातातला घास खाली ठेवला. मग काउंटरवरची मैद्याची तळलेली चाकं, आपल्याकडच्या फ्रायम्ससारखी, मुठीनं चुरडून वर पसरली. फरसाण झालं. कच्चा कांदा, कोथिंबीर साल्साच्या टेबलावर फुकटच असते. पाव म्हणून बोलियो, बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ. तात्यांनी बोलियोचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, आणि सबंध दुकान ऐकेल असा भुरका मारला.

"मिसळ," त्यांनी गवंड्याला सांगितलं.

गवंड्यानं आपला चमचा पुढं केला. मग त्याच्या मित्रानं. मग रंगाऱ्यानं. कुणीतरी मावशींना हाक मारली. मावशी हात पुसत आल्या, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारख्या उभ्या राहिल्या, एक चमचा तोंडात घेतला. तात्या माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. आता दाद येणार. मावशींनी जीभ टाळूला लावली, छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ले फाल्ता लिमोन." याला लिंबू कमी आहे. असं म्हणून त्यांनी समोरच्या वाटीतली लिंबाची फोड उचलली आणि तात्यांना न विचारता त्यांच्या मिसळीत पिळली.

तात्यांचा अपमान झाला, तो आठवडाभर टिकला. मिसळीत लिंबू पिळायचं की नाही हे खाणारा ठरवतो, स्वयंपाकघर नाही. साताऱ्यात असं कुणी केलं असतं तर... पुढं ते काय म्हणत ते मी लिहीत नाही. पण पुढच्या शनिवारी दुकानाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: फ्रिहोलेस ताता. गवंडी तेच खात होते. लिंबासकट.

दाराशेजारच्या खिडकीपुढं शनिवारी दुसरी एक रांग असते, पैसे पाठवणाऱ्यांची. परदेशातून मेक्सिकोत २०२३ साली ६० अब्ज डॉलरांहून जास्त रक्कम घरोघरी गेली, त्यातली फार मोठी अमेरिकेतल्या अशाच खिडक्यांतून. तात्यांचे वडील मस्जिद बंदरला माथाडी होते. महिन्याची मनीऑर्डर गावी आली की आई अंगठा उठवायची. या रांगेजवळ तात्या कधी थट्टा करत नाहीत. रांगेतल्या कुणाला फॉर्म भरताना पेन हवं असेल तर खिशातलं काढून देतात आणि परत येईपर्यंत तिथंच उभे राहतात. सरकारी नोकरीत पेन गमावायची सवय लागलेली नाही.

दिवाळीच्या सुमारास दुकानात झेंडूची फुलं येतात, ढिगानं. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत गेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी पायऱ्यांचा देव्हारा मांडतात, फोटो, मेणबत्त्या, झेंडू, आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ. दुकानाच्या मालकांनी आपल्या आजीसाठी मांडलेल्या देव्हाऱ्यापुढं तात्या उभे राहिले. पाव, मोले, केळी, एक बाटली. सगळं नीट पाहून झाल्यावर मावशींकडे वळून त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं, "कावळा कुठाय?" आणि समजावं म्हणून पंख हलवून काव काव केलं. मावशींनी दार उघडून बाहेर पाहिलं.

तात्यांच्या सूत्राला खरा धक्का बसला तो एका एकादशीला, आणि तो मी दिला. ते टेबलाशी बसून अलेग्रियाची वडी खात होते: फुललेला राजगिरा, मध, दाणे. "बघ," ते म्हणाले, "राजगिऱ्याची वडी. उपासाला चालते म्हणून यांनाही कळलंय. आपलंच गेलंय इकडं."

मी म्हटलं, तात्या, राजगिरा इथला आहे. मेक्सिकोचा. अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करायचे आणि सणाला त्या प्रसाद म्हणून खायचे; स्पॅनिश पाद्र्यांना ते आपल्या प्रसादाचं विडंबन वाटलं आणि त्यांनी ती चाल मोडली.

तात्या वडी खाली ठेवून म्हणाले, "मग साबुदाणा?"

साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला.

"शेंगदाणा?"

तोही तिकडचाच.

"बटाटा?"

पेरूच्या डोंगरातला. रताळंही अमेरिकेतलंच. आणि साबुदाण्याच्या खिचडीतली हिरवी मिरची तर थेट मेक्सिकोची, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. त्याआधी महाराष्ट्रात मिरची नव्हती. ज्ञानेश्वरांच्या वेळी नव्हती.

"काय सांगतोस! मग मुक्ताबाईनं भावाच्या पाठीवर मांडे भाजले, ते कशाबरोबर खाल्ले?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. एकादशीच्या ताटातून उठवता येईल तेवढं सगळं उठवून झालं होतं. वरी, दही, तूप, जिरं, सैंधव एवढंच घरचं उरलं. मावशी तव्यामागून आमच्याकडे बघत होत्या. काहीतरी वाईट बातमी आलीय असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या न मागता दालचिनीची कॉफी घेऊन आल्या आणि तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. तात्यांनी कॉफी बशीत ओतली. हिशेब लागत नसला की ते बशीत ओततात.

दुसऱ्या घोटाला त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हंजे असं," ते म्हणाले. "पांडुरंगाला ठाऊक होतं की पुढं आपल्याला एकादशीला लागणार. आपल्याकडं रान कमी, पाऊस लहरी. म्हणून त्यानं आगाऊ इकडं पेरून ठेवलं. या लोकांनी सांभाळलं. सांभाळणाराचा हक्क असतोच, मी नाही म्हणत नाही. पण माल कुणासाठी होता?" आणि त्यांनी वडी उचलून उरलेली संपवली.

अशा माणसाला पुराव्यानं हरवता येत नाही, आणि मी आता तो नाद सोडलाय. मुलगा-सुनेनं त्यांना घाऊक दुकानाचं सभासदपत्र काढून दिलं होतं. ते त्यांनी पाकिटात ठेवलंय आणि दुकानाचा उल्लेख ते 'गोदाम' असा करतात. अवोकाडो त्यांना अजून मान्य नाही. मिचोआकानच्या मावशींना हे लागतं, कारण अमेरिकेनं मेक्सिकन अवोकाडोला दार उघडलं ते १९९७ साली, आणि पुढची पंचवीस वर्षं फक्त त्यांच्याच प्रांताला. तात्यांचं म्हणणं एवढंच की लोणी झाडाला लागत नाही.

तर तुम्ही कधी बालाजीच्या दर्शनाला ऑरोराला आलात तर परतीच्या वाटेवर तास-दीड तास हाताशी ठेवा आणि कुठल्याही मेक्सिकन दुकानात शिरा. गुळाचे कोन, वाळक्या मिरच्या, घोळाची जुडी, नैवेद्यासाठी केळीची पानं, सगळं मिळेल, आणि बहुधा आपल्या दुकानांपेक्षा स्वस्त. शाकाहारी असाल तर मान्तेका आहे का ते विचारा. टांगत्या काट्यापाशी माकडटोपीवाला कुणी उभा दिसला तर तुमचा टोमॅटो आधी त्याला तोलू द्या, ४६ ग्रॅमांचं भाषण ऐकून घ्या, राजगिऱ्याचा विषय काढू नका. त्यानं मिसळ पुढं केली तर जरूर खा. लिंबू मात्र स्वतःच्या हातानं पिळून घ्या. मावशींचं म्हणणं बरोबर आहे, कमीच असतं.